जुन्या लुगड्यांची उन्हाळी वाकळ

वाकळ म्हटली की थंडीचे दिवस डोळ्यांपुढे उभे राहतात. पाच-सहा पदरी, जड, एकदा अंगावर घेतली की कूस बदलणेही कठीण, अशी वाकळ आपल्या घरोघरी ओळखीची आहे. उन्हाळ्यासाठी म्हणून वेगळी वाकळ शिवावयाची असते, ही गोष्ट मात्र पुष्कळ घरांतून विस्मरणात गेली आहे. पंखा लावला, बाजारची चादर पायांशी ठेवली, म्हणजे पांघरुणाची चिंता मिटली असे आपण समजतो. परंतु ज्या घरात वृद्ध मनुष्य आहे, अंथरुणास खिळलेले कोणी आहे, किंवा पाळणा हलतो आहे, त्या घरातील माणसांस विचारून पाहावे. उन्हाळ्यातील पांघरूण हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही, असेच ती सांगतील.

बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. आमचे गाव त्याच्या पश्चिम अंगास, खानापूरच्या बाजूला. चैत्र-वैशाखातील दुपार येथेही भाजून काढते आणि दिवेलागणीनंतरही भिंती ऊन ओकीत असतात. पण मध्यरात्र उलटली की घाटाकडून वारा सुटतो आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास झोपेतला हात आपोआप पांघरूण शोधू लागतो. त्या वेळी जाड वाकळ घ्यावी तर घाम फुटतो, आणि नुसती चादर घ्यावी तर ती अंगावरून सरकते, वारा तिच्यातून आरपार जातो. या दोहोंमधली वस्तू म्हणजे दोन किंवा तीन पदरांची, मऊ झालेल्या सुताची, हलकी वाकळ. तिच्या पदरांमध्ये थोडीशी हवा अडकते, तेवढ्याने पहाटेचा गारठा लागत नाही. सूत जुने असल्यामुळे ते घाम टिपून घेते. शिवाय सकाळी धुतली तर दुपारपर्यंत वाळून पुन्हा घडी घालता येते.

आम्ही जिला वाकळ म्हणतो, तिला देशावर गोधडी म्हणतात. आमचे कानडी शेजारी कौदी म्हणतात, आणि बडोद्याकडील वाचकांच्या कानी गोदडी हा शब्द पडत असेल. तान्ह्या मुलाचे दुपटे हे याच कुळातले. दोन पटांचे म्हणून दुपटे. नावे निरनिराळी असली तरी कल्पना एकच की, नेसून, धुऊन, विरून जे वस्त्र अंगावर घालण्यास निकामी झाले, त्यास दुसरा जन्म द्यावा.

आमच्या घरी ही गरज पडली ती सन २०२३ च्या उन्हाळ्यात. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात आमच्या आईस देवाज्ञा झाली होती. त्यानंतर बाबांची झोप उडाली. वय ८४ वर्षे, छातीचा त्रास जुना. जड पांघरूण घातले की ते म्हणत, “छातीवर कोणी बसल्यासारखे होते,” आणि बाजूस सारून देत. चादर घातली तर पहाटे कुडकुडत उठून बसत. डॉक्टरांनी औषध दिले. पांघरुणाचे औषध आम्हांसच शोधावे लागणार होते.

ते औषध आईच्या पेटीत होते, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. पण ती पेटी उघडण्याचा धीर कोणास होत नव्हता. ईस्टरच्या सणासाठी आमची अक्का बडोद्याहून आली, तेव्हा कोठे पेटी अंगणात आणली. आत अकरा लुगडी निघाली. बहुतेक इरकली, काही शहापूरच्या मागावरची. आई अखेरपर्यंत नऊवारीच नेसत असे.

पेटी उघडताच मतभेद सुरू झाला. वहिनी म्हणाल्या, “अक्का, पेटीत राहिली तर कसर लागेल. स्वच्छ धुऊन कोणा गरजूच्या अंगावर गेली, तर आईंना बरेच वाटेल.” अक्काने त्यावर मान हलविली नाही. आम्ही बाबांच्या वाकळेचा विषय काढला, तेव्हा तर ती उठूनच उभी राहिली. “आईच्या लुगड्याला कात्री लावायची नाही. कोणाला द्यायची तर द्या, ठेवायची तर ठेवा. पण फाडलेले माझ्याने बघवणार नाही,” असे म्हणून ती आत निघून गेली.

मृत माणसाच्या वस्त्रांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा येतोच. कोणी महिन्याच्या मिस्सेनंतर सर्व वाटून टाकतात, कोणी वर्षानुवर्षे कुलुपात ठेवतात. दोन्ही प्रकारांत प्रेमच असते. म्हणून कोणास दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु त्या दिवशी आमच्या घरात दोन प्रेमे समोरासमोर उभी ठाकली होती, आणि पडवीत खाटेवर पडलेले बाबा सर्व ऐकत होते. 

बऱ्याच वेळाने त्यांनी अक्कास हाक मारली. म्हणाले, “पोरी, पेटीच्या तळाशी कागद घातलाय, त्याच्याखाली बघ.” कागदाखाली एक दुपटे होते. तपकिरी रंगाचे, कडेला लाल काठाची पट्टी, टाके जागोजागी सुटलेले. बाबा म्हणाले, “तू झालीस तेव्हा तुझ्या आईने हे शिवले. तिच्या आईच्या लुगड्याचे. आजी वारून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. फाडताना तीसुद्धा रडली होती. पण फाडले. त्यातच तुम्ही सगळी वाढलात.”

अक्का ते दुपटे मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ बसली. मग तिनेच आम्हांस विचारले, “कुठून सुरुवात करायची?”

सुरुवात केली ती निवडण्यापासून. या बाबतीत आम्ही एक नियम केला, आणि तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. जे नेसता येते, ते नेसणारीचे. जे नेसता येत नाही, ते वाकळेचे. धडधाकट लुगडे फाडून त्याची वाकळ करणे ही उधळपट्टी, आणि विरलेले लुगडे गरिबाच्या हाती ठेवून त्यास दान म्हणणे ही त्या गरिबाची थट्टा. अकरांपैकी चार लुगडी चांगली निघाली. ती धुऊन, इस्त्री करून, अक्कानेच आपल्या हाताने योग्य घरी पोचविली. चार लुगडी विरलेली पण कामाची होती. तीन मात्र अगदी गळून गेली होती, ती ठिगळांसाठी ठेवली.

कापडाची परीक्षा सोपी आहे. एकेक हात लांबीचा भाग उन्हाकडे धरावा. जेथून प्रकाश चाळणीतून यावा तसा येतो, तेथे सूत विरलेले समजावे. मग दोन्ही अंगठ्यांनी किंचित ताण देऊन पाहावा. ताणताच सूत सरकून जाळी पडली, तर तो भाग मधल्या पदरास घालावा. ताण सहन झाला, तर तो वरच्या किंवा खालच्या पदरास चालतो. नऊवारी लुगड्याची झीज सर्वत्र सारखी होत नाही. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी जातो, दोन्ही टोकांकडचे कापड पुष्कळ टिकते. लुगड्याची लांबी ९ वार, म्हणजे २७ फूट. आमच्या लुगड्यांत मधले ९-१० फूट झिजलेले आणि दोन्ही बाजूंचे कापड धड, असाच प्रकार होता. त्यामुळे हिशेब फार सुरेख जमला. एका टोकाचे ७ फूट वरच्या पदरास, दुसऱ्या टोकाचे ७ फूट खालच्या पदरास, आणि मधल्या झिजलेल्या भागातून ७ फूट आतल्या पदरास. लुगड्याची रुंदी सुमारे ४ फूट, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणास पुरेशी. एका नऊवारीत एक उन्हाळी वाकळ!

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. इरकली लुगड्याचे अंग सुती असले तरी पदर बहुधा रेशमी असतो, आणि तो विणतानाच अंगाशी जोडलेला असतो. सूत आणि रेशीम धुण्यात सारखे वागत नाहीत. म्हणून पदराचा भाग आधीच वेगळा करावा. दुसरी गोष्ट, टेरिलीन किंवा नायलॉनचे कापड कितीही सुंदर व टिकाऊ असले तरी उन्हाळी वाकळेत घालू नये. ते घाम टिपत नाही, आणि त्यावर सुती टाका नीट बसत नाही. रंग जातो की काय, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच पाहावे.

फाडण्याचे काम अक्कानेच केले. सुती कापड कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेले बरे, कारण फाडताना ते धाग्याच्या रेषेत सरळ जाते. कात्री लागते ती केवळ काठाशी, पहिली चीर देण्यापुरती. तो आवाज पडवीत बाबांस ऐकू गेला असेलच. त्यांनी काही म्हटले नाही, आणि आम्हीही त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले.

सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून खालचा पदर उलटा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर पाट्याचे वरवंटे, मापटी, जे हाती आले ते वजन म्हणून ठेवले. त्यावर मधला पदर. त्यातील छिद्रांवर गळालेल्या लुगड्यांची ठिगळे लावली, पण ठिगळाचे काठ एकमेकांवर अर्ध्या बोटाहून अधिक चढू दिले नाहीत. तसे झाल्यास तेथे गाठ तयार होते आणि झोपलेल्या माणसास ती टोचते. त्यावर वरचा पदर सुलटा. तिन्ही पदर हाताच्या तळव्याने मधून बाहेर असे सपाट करीत जावे, म्हणजे आत सुरकुती राहत नाही. मग लांब कच्चे टाके घालून तिन्ही पदर एकमेकांस बांधून घ्यावे.

कडेच्या पट्टीसाठी आमच्याकडे जुने काठ कमी पडले, म्हणून बाजारातून थोडे नवे लाल कापड आणावे लागले. ते आणताच वहिनींनी रात्रभर पाण्यात भिजत घातले. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास लावू नये, लावले तर ते जुन्यास ओढून अधिकच फाडते, हा प्रभू येशूचा दाखला आपण चर्चमध्ये ऐकत आलो आहोत. त्याचा आध्यात्मिक अर्थ धर्मगुरू सांगतातच. परंतु शिवणाऱ्या बाईस तो अक्षरशः खरा आहे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. जुने आटून चुकलेले असते. एक आखडते आणि दुसरे जागचे हलत नाही, तेव्हा टाक्याच्या जागी दुबळे कापड फाटणारच. म्हणून नवे कापड घ्यावयाचे झाल्यास ते दोनदा भिजवून, वाळवून मगच लावावे.

हिवाळी वाकळेस दाभण लागते. उन्हाळी वाकळेस साधी सुई पुरे, कारण दाभणाने विरलेल्या कापडास भोके पडतात. सुती दोरा घ्यावा आणि मेणबत्तीच्या उरलेल्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्यावा. असले तुकडे आपल्या घरी आल्तारापाशी नेहमी असतातच. मेण लागलेला दोरा गुंतत नाही. टाका धावदोऱ्याचा, गव्हाच्या दाण्याएवढा. कडेपासून आरंभ करून चौकोनात चौकोन असे आत आत जावे, आणि दोन ओळींमध्ये बोटभरापेक्षा किंचित अधिक अंतर ठेवावे. अंतर फार वाढविले तर धुताना मधला पदर गोळा होतो. फार कमी केले तर वाकळ ताठ होते, आणि तिचे हलकेपण जाते. सव्वा इंचाचे अंतर धरले तर ७ फूट लांब व ४ फूट रुंद अशा वाकळेस एकूण २७० फुटांच्या आसपास धावदोरा घालावा लागतो. आकडा ऐकून भिण्याचे कारण नाही. तिघी मिळून, जेवणे आटोपल्यावर रोज दोन तास, अशा आठ दुपारी आमचे काम पुरे झाले.

त्या आठ दुपारी आईविषयी जितके बोलणे झाले, तितके तिच्या जाण्यानंतरच्या चार महिन्यांत झाले नव्हते. हात गुंतले म्हणजे जीभ मोकळी होते. हे लुगडे अमक्याच्या बाप्तिस्म्यास घेतले होते, या काठावरचा डाग त्या वर्षीच्या काजूच्या चिकाचा, अशा एकेक गोष्टी निघत. बाबा खाटेवरून मध्येच एखादी चूक दुरुस्त करीत. काही गोष्टी तर आम्ही प्रथमच ऐकल्या.

वाकळ पुरी होत आली असता हल्याळकडील एक वयस्कर सिद्दी बाई आमच्याकडे आल्या. हंगामात त्यांचे कुटुंब आमच्या भागात कामास येते. आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या काळी गोव्यात आणलेल्या लोकांचे हे वंशज उत्तर कन्नडच्या रानात कित्येक पिढ्या वस्ती करून आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आपले कॅथोलिक बांधवही आहेत. त्यांच्या बायका ज्या वाकळा शिवतात, त्यांस त्या कवंदी म्हणतात. रंगीबेरंगी तुकडे कडेपासून मध्याकडे लावीत नेलेल्या या कवंदी आता देशाबाहेरच्या प्रदर्शनांतूनही लोकांनी पाहिल्या आहेत. कॅथोलिक घरच्या कवंदीवर पुष्कळदा क्रूसही असतो. 

बाईंनी आमची वाकळ उलटसुलट करून पाहिली, टाका चांगला म्हणाल्या, आणि मग कोकणीतून विचारले की, कोपऱ्यांची फुले कोठे आहेत? त्यांच्यात प्रत्येक कोपऱ्यावर लहान लहान चौकोनी तुकडे त्रिकोणी दुमडून एकावर एक शिवतात. त्यांस त्या फुले म्हणतात. फुलांवाचूनची वाकळ म्हणजे उघडी-नागडी. आईच्या गुळेदगुड्ड खणाच्या चोळ्या शिल्लक होत्याच. त्या बाईंनी एका कोपऱ्यास फूल लावून दाखविले, उरलेली तीन आम्ही लावली. आमच्या तीन फुलांपेक्षा त्यांचे एक फूल नीट बसले आहे, हे कोणासही दिसेल.

वाकळ वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिली. पाऊण किलोस थोडी कमीच भरली. आमच्या घरची हिवाळी वाकळ चार किलोंच्या वर आहे. त्या रात्री ती बाबांच्या अंगावर घातली. त्यांनी काठ बोटांनी चाचपून पाहिला आणि एवढेच म्हणाले, “हे सावंतवाडीच्या फेस्ताला नेसली होती.” पहाटे चार वाजता वहिनी पाहावयास गेल्या तेव्हा वाकळ छातीवर होती, आणि बाबा झोपलेले होते. रोजच अशी झोप लागू लागली, असे आम्ही म्हणणार नाही. म्हातारपणाचे जागरण वाकळेने सर्वस्वी जात नाही. परंतु पांघरूण बाजूस सारणे थांबले, आणि पहाटेचे कुडकुडणेही थांबले. आणखी दोन उन्हाळे त्यांनी ती वाकळ वापरली. तिसरा त्यांस लाभला नाही.

उरलेल्या तीन लुगड्यांच्या तीन वाकळा पुढे सवडीने झाल्या. एक अक्का बडोद्यास घेऊन गेली. पेटीची वाटणी करण्याची वेळ आमच्यावर आलीच नाही. प्रत्येकाच्या वाट्यास पांघरण्याजोगी एक वस्तू आली, आणि चार बायकांच्या अंगावर चार चांगली लुगडी गेली. आई असती तर तिने याहून निराळे काही केले असते, असे आम्हांस वाटत नाही.

निगेविषयी थोडे सांगून हा लेख आटोपता घेतो. उन्हाळी वाकळ रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात धुवावी. दगडावर आपटू नये आणि पिळून तिचा दोर करू नये, नुसती दाबून पाणी काढावे. सावलीत, दोन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळवावी, म्हणजे भार एका ओळीवर पडत नाही. टाका सुटला तर त्याच दिवशी घालावा. पाऊस लागण्यापूर्वी कडक ऊन देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी.

आणि मुख्य म्हणजे, ती वापरावी. आठवण म्हणून कपाटात ठेवण्यासाठी एवढे टाके घालण्याचे कारण नाही. वापरली तर आठ-दहा वर्षांत तीही विरेल. त्या वेळी हळहळू नये. उन्हाकडे धरून पाहावी, धड भाग निवडावा आणि दुसऱ्या वाकळेच्या मधल्या पदरास घालावा. आमच्या अक्काने बडोद्यास नेलेल्या वाकळेच्या पोटात आजीच्या दुपट्याचा असाच एक हातभर तुकडा आहे. तो बाहेरून दिसत नाही, पण तेथे हात ठेवला तर कापड थोडे अधिक मऊ लागते.